म्हातारचळ कीं रोग?



आपल्या भाषेंत म्हातारचळ हा एक जुना शब्द आहे. घरांतील वडील माणूस एकच गोष्ट पांच वेळां विचारूं लागलें, जेवण होऊन घटका झाली नाहीं तोंच "मला अजून वाढलें नाहीं" अशी तक्रार करूं लागलें, किंवा ज्या गल्लींत चाळीस वर्षें काढलीं तेथेंच वाट चुकलें, म्हणजे शेजारीपाजारी हा शब्द उच्चारतात आणि विषय संपवितात. "साठी, बुद्धि नाठी" ही म्हणही त्याच जातीची. या बोलण्यांत निंदा थोडी आणि समजूत अधिक असते. शरीर थकतें तशी बुद्धिही थकावयाचीच, त्याला उपाय तो कोणता, असा तिचा भाव आहे. ही समजूत बरोबर नाहीं. परंतु ती बाळगणाऱ्या सामान्य माणसाला हंसण्याचेंही कारण नाहीं. कारण प्रत्यक्ष वैद्यकशास्त्रानें ती सोडून द्यावयास जवळजवळ सत्तर वर्षें घेतलीं.

वय झाल्यावर विसरण्याचें प्रमाण वाढतें, यांत शंका नाहीं. चुलीवर दूध ठेवून तें विसरणें हें कोणाच्याही हातून होतें. पण आयुष्यभर चहा करीत आलेली गृहिणी पाणी, साखर, चहाची भुकटी आणि भांडें हीं सर्व ओट्यावर मांडून उभी राहते, आणि आधीं काय करावयाचें हें तिला उमजत नाहीं, तेव्हां तें साधें विस्मरण राहिलेलें नसतें. नित्याचीं कामें स्वतःचीं स्वतःला करतां येईनाशीं होणें, ही स्मृतिभ्रंशाची खरी खूण होय. आपल्या देशांत साठ वर्षांवरील लोकांची जी मोठी पाहणी झाली, तिचे आंकडे 2023 सालीं प्रसिद्ध झाले. त्यांवरून शेंकडा 7.4 वृद्धांना, म्हणजे सुमारें 88 लाख माणसांना, हा विकार असावा असा अंदाज निघाला. पुरुषांपेक्षां स्त्रियांत आणि शहरांपेक्षां खेड्यांत हें प्रमाण अधिक आढळलें.

येथें एक गोष्ट स्पष्ट करून ठेवतों. स्मृतिभ्रंश हें एका रोगाचें नांव नव्हे. ताप या शब्दाप्रमाणें तें एका लक्षणसमूहाचें नांव आहे. ताप हिंवतापानें येतो, विषमानेंही येतो. त्याचप्रमाणें स्मृतिभ्रंश कधीं मेंदूंतील बारीक रक्तवाहिन्या तुंबल्यानें होतो, कधीं ल्यूवी या जर्मन संशोधकानें 1912 सालीं वर्णिलेले सूक्ष्म गोळे पेशींत सांचल्यानें होतो, तर कधीं कपाळामागील मेंदूचा भाग झिजल्यानें होतो. कित्येक वृद्धांत यांतील दोन-तीन कारणें एकत्र नांदत असतात. मात्र सर्वांत मोठा वांटा आल्झायमरच्या रोगाचा आहे, आणि संशोधनाचा मुख्य इतिहास त्याच्याच भोंवतीं घडला आहे.

हा इतिहास जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहराच्या मनोरुग्णालयांत सुरू होतो. 1901 च्या नोव्हेंबरांत ऑगस्टे डेटर नांवाची 51 वर्षांची बाई तेथें दाखल झाली. आलॉइस आल्झायमर या डॉक्टरनें तिच्याशीं झालेलें संभाषण जसेंच्या तसें टिपून ठेवलें आहे. तुमचें नांव काय? ऑगस्टे. आडनांव? ऑगस्टे. यजमानांचें नांव? जरा थांबून, बहुधा ऑगस्टे. ती फुलकोबी आणि मांस जेवत असतांना काय खातां असें तिला विचारलें, तर तिनें पालक असें सांगितलें. स्वतःचें नांव लिहावयास बसविलें तर पहिला शब्द लिहून ती पुढचा विसरे, आणि आपण स्वतःलाच हरवून बसलों आहों अशा अर्थाचें कांहीं म्हणे. हे कागद पुढें कोठें गेले तें कोणास ठाऊक नव्हतें. 1995 सालीं ते फ्रँकफुर्टमध्येंच सांपडले. रोगाचें इतकें साधें आणि इतकें भेदक वर्णन मोठमोठ्या ग्रंथांतही विरळा, असें मला वाटतें.

1906 च्या एप्रिलांत ती वारली. आल्झायमर तोंवर म्यूनिकला गेला होता. त्यानें तिचा मेंदू मागवून घेतला, त्याचे पातळ काप केले आणि चांदीच्या क्षारानें रंगविण्याच्या त्या काळीं नव्या असलेल्या रीतीनें ते रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले. त्यास दोन प्रकारची विकृति दिसली. पेशींच्या बाहेर जागोजाग कसलेंसें द्रव्य सांचून डाग पडले होते, आणि पेशींच्या आंत बारीक तंतूंचे गुंते झाले होते. त्याच वर्षीं 3 नोव्हेंबर रोजीं ट्यूबिंगेन येथील वैद्यांच्या सभेंत त्यानें हें सर्व सांगितलें. सभेंतील एकाही सभासदानें त्यावर एकही प्रश्न विचारला नाहीं! 1910 सालीं त्याचे वरिष्ठ एमिल क्रेपेलिन यांनीं आपल्या पाठ्यपुस्तकांत या विकाराला आल्झायमरचें नांव दिलें. परंतु रोगी बाई पन्नाशीची होती, म्हणून हा अकालीं येणारा, क्वचित् आढळणारा रोग आहे असें ठरलें. सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या माणसाची बुद्धि गेली तर तो म्हातारचळ, आणि पन्नाशींत गेली तर तो रोग, अशी ही विलक्षण वांटणी होती. जणूं मेंदूंतील डाग माणसाची जन्मपत्रिका पाहून पडतात.

ही वांटणी मोडली ती इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें. तेथील तीन संशोधकांनीं वृद्धांची हयातींत बुद्धिपरीक्षा घेतली, आणि मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूंतील डाग मोजले. 1968 सालीं त्यांनीं दाखवून दिलें कीं डाग जितके अधिक तितकी बुद्धीची हानि अधिक. 1976 सालीं रॉबर्ट कॅट्झमन या अमेरिकन वैद्यानें एक छोटासा लेख लिहून म्हटलें कीं म्हातारपणचा स्मृतिभ्रंश आणि आल्झायमरचा रोग हे एकच होत. त्या दिवसापासून जो विकार दुर्मिळ गणला जात होता, तो जगांतील सर्वांत मोठ्या रोगांच्या पंक्तीस येऊन बसला. सरकारी पैसा, प्रयोगशाळा आणि औषधांचे कारखानदार हे सर्व त्याकडे वळले ते यानंतरच.

औषधांकडे वळण्यापूर्वीं, कोणत्याही कुटुंबाच्या दृष्टीनें अधिक निकडीची अशी एक गोष्ट सांगतों. स्मृतिभ्रंशासारखें दिसणारें सर्वच विस्मरण या असाध्य वर्गांतलें नसतें. बी-बारा जीवनसत्त्वाची उणीव झाली तर बुद्धि मंदावते. आपल्याकडे शुद्ध शाकाहारी वृद्धांत, आणि मधुमेहासाठीं मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तासाठीं रोजची गोळी वर्षानुवर्षें घेणाऱ्यांत, ही उणीव सहज उद्भवते. थायरॉइड ग्रंथीचें काम मंदावलें तरी तोच प्रकार होतो. म्हातारें माणूस न्हाणीघरांत पाय घसरून पडतें, डोक्याला किरकोळ टेंगूळ येतें, घरचे विसरून जातात; आणि तीन-चार आठवड्यांनीं तें भ्रमिष्टासारखें वागूं लागतें. अशा वेळीं कवटीच्या आंत हळूहळू रक्त सांचलेलें असूं शकतें, आणि तें शस्त्रक्रियेनें काढतां येतें. 1965 सालीं हकीम आणि अ‍ॅडम्स यांनीं आणखी एक विकार वर्णिला. त्यांत मेंदूंतील पोकळ्यांत पाणी सांचतें. रोग्याचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे पडतात, लघवीवर ताबा राहत नाहीं आणि विसर पडूं लागतो. एक बारीक नळी बसवून तें पाणी पोटांत सोडलें कीं पुष्कळांचें चालणें आणि कित्येकांची बुद्धि सुधारते. खोल उदासीनता, न दिसणें, ऐकूं न येणें, झोपेच्या आणि सर्दीच्या कांहीं गोळ्या, हींही विस्मरणाचें सोंग आणतात. म्हणून रक्ताची तपासणी आणि मेंदूचें एक छायाचित्र यांवांचून "आतां वयच झालें" असें म्हणून कोणी रोग्याला परत पाठविलें, तर त्या निकालावर समाधान मानूं नये.

परीक्षेच्या बाबतींतही एक सावधगिरी हवी. स्मरणाची जी छोटी चाचणी जगभर वापरतात, ती 1975 सालीं अमेरिकेंत तयार झाली. तींत आजची तारीख विचारतात, शंभरांतून सात-सात वजा करावयास लावतात, एक वाक्य लिहावयास सांगतात. शाळेची पायरी न चढलेल्या आजीबाईला हें सर्व विचारलें तर ती शहाणी असूनही वेडी ठरेल. तिला इंग्रजी तारीख ठाऊक नसेल, पण एकादशी परवां झाली कीं व्हावयाची आहे, शेतांत सध्यां काय उभें आहे, गुरुवारचा बाजार कोठें भरतो, हें ती चटकन् सांगते. हरयाणांतील बल्लभगड येथें खेड्यांची पाहणी करणाऱ्या संशोधकांनीं ही अडचण ओळखून निरक्षरांना योग्य अशी हिंदी चाचणी 1995 मध्यें सिद्ध केली. रोग्याबरोबर येणाऱ्या सुनेनें किंवा मुलानें "दोन वर्षांपूर्वीं हें माणूस काय काय करीत होतें आणि आतां काय करूं शकत नाहीं" एवढें नीट सांगितलें, तर कोणत्याही गुणपत्रिकेपेक्षां डॉक्टरला त्याचा उपयोग अधिक.

आतां औषधें. 1976 च्या सुमारास इंग्रज संशोधकांना आढळलें कीं या रोग्यांच्या मेंदूंत असिटिलकोलिन नांवाचें द्रव्य फार कमी झालेलें असतें. एका पेशीचा निरोप दुसरीला पोंचविणाऱ्या द्रव्यांपैकीं हें एक. मेंदूंत तें वापरून झालें कीं त्याचा नाश करणारें दुसरें एक द्रव्य असतें. या नाश करणाऱ्यालाच आवरलें तर उरलेंसुरलें असिटिलकोलिन अधिक वेळ टिकेल, या विचारावर पहिलीं औषधें उभीं राहिलीं. अमेरिकेंत 1993 सालीं टॅक्रिनला परवानगी मिळाली. पण तें यकृताला बाधे, म्हणून मागें पडलें. त्यानंतर 1996 मध्यें डोनेपेझिल आलें, पाठोपाठ रिवास्टिग्मिन व गॅलँटामिन आलीं. यांतील गॅलँटामिन मूळ स्नोड्रॉप नांवाच्या एका पांढऱ्या फुलाच्या कंदांतून मिळालें होतें. 2003 पासून अमेरिकेंत मेमँटिन हें निराळ्या रीतीनें काम करणारें औषध वापरांत आलें. हीं सर्व आपल्याकडेही मिळतात व फार महागही नाहींत. त्यांनीं कांहीं रोग्यांना कांहीं काळ थोडें बरें वाटतें. माणूस जरा अधिक लक्ष देतें, संभाषणांत भाग घेतें. पण पेशी मरत जातात त्या मरतच राहतात. गळक्या हौदांत पाणी ओतीत राहण्यासारखें हें काम आहे, भोंक बुजविण्याचें नव्हे.

भोंक बुजविण्याची खरी आशा निर्माण झाली ती 1984 सालीं. जॉर्ज ग्लेनर आणि त्यांचा सहकारी यांनीं रोग्याच्या मेंदूंतील रक्तवाहिन्यांतून डागांचें द्रव्य वेगळें काढलें. तें अमिलॉइड नांवाचें एक लहान प्रथिन निघालें. आल्झायमरला दिसलेले दुसरे गुंते टाऊ नांवाच्या प्रथिनाचे असल्याचें पुढें लवकरच कळलें. 1991 मध्यें अशीं कुटुंबें मिळालीं कीं ज्यांत अमिलॉइडच्या मूळ प्रथिनाच्या जीनमध्येंच दोष होता, आणि त्यांतील माणसांना तरुणपणींच हा रोग होई. यावरून 1992 सालीं जॉन हार्डी आणि जेरल्ड हिगिन्स यांनीं एक उपपत्ति मांडली. अमिलॉइड सांचणें हें मूळ कारण. टाऊचे गुंते, पेशींचा मृत्यु आणि स्मृतीचा नाश हीं सर्व त्याचीं फळें. उपपत्ति आकर्षक होती, आणि तिच्यांतून उपचाराची दिशाही स्पष्ट दिसत होती: डाग पुसून टाका. पुढील तीस वर्षें संशोधनाचा मोठा ओघ याच वाटेनें वाहत राहिला.

डाग पुसले तर काय होतें, याचा पहिला निकाल फार बोधप्रद आहे. अमिलॉइडविरुद्ध शरीरांत प्रतिकारशक्ति उत्पन्न करणारी एक लस तयार झाली. सुमारें तीनशें रोग्यांना ती टोंचल्यावर त्यांतील 18 जणांच्या मेंदूला सूज आली, तेव्हां 2002 च्या आरंभीं ती चाचणी थांबवावी लागली. परंतु ज्यांना लस मिळाली होती त्यांपैकीं कांहींजण पुढील वर्षांत वारल्यावर त्यांचे मेंदू तपासले गेले. 2008 सालीं प्रसिद्ध झालेल्या या तपासणींत कांहींच्या मेंदूंतील डाग जवळजवळ सर्व नाहींसे झालेले आढळले. लसीनें आपलें काम चोख बजावलें होतें. आणि तरीही त्या माणसांचा स्मृतिभ्रंश अखेरपर्यंत वाढतच गेला होता.

या घटनेचा एक अर्थ असा कीं उपपत्तीच चुकली. दुसरा असा कीं औषध फार उशिरां पोंचलें. घर जळून गेल्यावर आगीची काडी विझवून काय उपयोग? दुसरा अर्थ बहुतेकांनीं घेतला. त्याला पुष्टिही मिळाली, कारण 2004 सालीं पिट्सबर्ग येथें एक असें द्रव्य सिद्ध झालें कीं तें शिरेंतून दिल्यावर जिवंत माणसाच्या मेंदूंतील डाग छायाचित्रांत उमटूं लागले; आणि मग दिसून आलें कीं विस्मरण सुरू होण्याच्या पंधरा-वीस वर्षें आधींपासूनच ते सांचत असतात. आतां तर रक्ताच्या नमुन्यावरूनही त्यांचा सुगावा लागतो. अशा तपासणीला अमेरिकेंत 2025 च्या मेमध्यें प्रथम मान्यता मिळाली.

लसीऐवजीं तयार प्रतिद्रव्येंच शिरेंतून देण्याची रीत मग पुढें आली. कित्येक प्रतिद्रव्यें अपयशी ठरलीं. 2021 सालीं अड्युकॅन्युमॅब या औषधाला अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनीं स्वतःच्या सल्लागार मंडळाचा अभिप्राय डावलून परवानगी दिली. त्यावर मोठें वादळ उठलें, आणि 2024 मध्यें कंपनीनें तें औषध सोडून दिलें. त्याच वर्षीं, 2006 सालचा अमिलॉइडवरील एक बहुचर्चित प्रबंध त्यांतील चित्रांत फेरफार आढळल्यामुळें मागें घेण्यांत आला. अशा गोष्टींनीं सामान्य माणसाचा विश्वास डळमळतो. पण एका प्रबंधावर सगळी इमारत उभी नव्हती, हेंही ध्यानांत ठेवलें पाहिजे.

जें औषध टिकलें तें लेकॅनेमॅब. 2023 च्या जुलैमध्यें त्याला अमेरिकेंत पूर्ण मान्यता मिळाली. दुसरें डोनॅनेमॅब, त्यास 2024 च्या जुलैमध्यें. वर्तमानपत्रांनीं "रोगाची गति शेंकडा 27 नें मंदावली" असें लेकॅनेमॅबविषयीं ठळक अक्षरांत छापलें. हा आंकडा खरा आहे. पण तो उलगडून पाहिला पाहिजे. 1795 रोगी घेतले, सर्व अगदीं आरंभींच्या अवस्थेंतले. अर्ध्यांना दर पंधरवड्यास औषध, अर्ध्यांना औषधासारखाच दिसणारा निष्क्रिय द्रव. रोगाची तीव्रता शून्य ते अठरा अशा मापावर मोजली. दीड वर्षांत निष्क्रिय द्रव घेणारे 1.66 अंशांनीं घसरले, औषध घेणारे 1.21 अंशांनीं. फरक 0.45 अंश. म्हणजे दोन्ही गट खालींच आले. एक जरा सावकाश आला. कोणीही वर चढला नाहीं. शिवाय औषध घेणाऱ्यांपैकीं शेंकडा 12.6 जणांच्या मेंदूंत सूज दिसली. बहुतेकांना तिची जाणीवही झाली नाहीं, पण कांहींना ती घातक ठरली. आरंभींची अमेरिकन किंमत वर्षाला 26,500 डॉलर होती, आणि वारंवार मेंदूचीं छायाचित्रें काढून पाहावीं लागतात तो खर्च वेगळा.

यावर माझें मत विचाराल तर, मी या औषधाला क्षुद्र म्हणणार नाहीं. जो रोग शंभर वर्षें तसूभरही हलला नव्हता तो प्रथमच किंचित् हलला, आणि डागांचा रोगाशीं कांहीं संबंध आहे हें माणसांत सिद्ध झालें. परंतु ज्याचा रोग मध्यम अवस्थेंत गेला आहे, जो घरच्या माणसांना ओळखत नाहीं, त्याच्यासाठीं हें औषध नाहीं. अशा रोग्याचीं मुलें घर गहाण टाकून तें मिळविण्याच्या खटपटीस लागतील, याची मला धास्ती वाटते. रोगाची लक्षणें दिसण्यापूर्वींच डाग पुसावेत, असाही प्रयत्न झाला. 1169 निरोगी वृद्धांच्या चाचणींत सोलानेझुमॅब नांवाचें प्रतिद्रव्य सुमारें साडेचार वर्षें वापरून पाहिलें. 2023 मध्यें निकाल लागला तो निराशेचा. अधिक प्रबळ प्रतिद्रव्यें घेऊन तेच प्रयोग पुन्हां चालले आहेत.

डागांचा हिशेब बुद्धीच्या हिशेबाशीं तंतोतंत कां जुळत नाहीं, याचा एक सुगावा अमेरिकेंतील जोगिणींच्या मठांतून मिळाला. 1986 सालीं डेव्हिड स्नोडन यांनीं एका ख्रिस्ती पंथांतील वृद्ध जोगिणींचा अभ्यास आरंभिला. पुढें 678 जणींनीं त्यांत भाग घेतला, आणि मरणोत्तर आपला मेंदू देण्यास संमति दिली. एकच अन्न, एकच दिनक्रम, दारू-तंबाखूचें नांव नाहीं; अभ्यासकाला यापेक्षां चांगला समुदाय कोठें मिळणार? यांतील कांहींच्या मेंदूंत रोगाचीं चिन्हें भरपूर सांपडलीं, तरी त्या शेवटपर्यंत तल्लख होत्या. विशीच्या सुमारास मठांत येतांना प्रत्येकीनें आपलें छोटें आत्मवृत्त लिहिलेलें होतें. ज्यांच्या त्या लिखाणांत विचारांची दाटी अधिक, त्यांना साठ वर्षांनीं रोगाची बाधा कमी, असेंही आढळलें. मेंदूला जणूं एक गंगाजळी असते; ती मोठी असली तर झीज उशिरां जाणवते. हैदराबाद येथें सुवर्णा अल्लादी यांनीं 648 रोग्यांचा अभ्यास 2013 सालीं प्रसिद्ध केला. त्यांत दोन भाषा बोलणाऱ्यांना स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षें उशिरां झाला होता, आणि निरक्षरांतही हा फरक दिसला. घरांत मराठी, दुकानांत कानडी किंवा हिंदी अशी ज्यांची रोजची तऱ्हा, त्या सीमाभागांतील लोकांना ही गोष्ट सुखद वाटेल. अर्थात् असे सर्व अभ्यास सारखेंच सांगत नाहींत. तेव्हां सत्तराव्या वर्षीं घाईनें नवी भाषा शिकून रोग टाळतां येईल असा हिशेब कोणी करूं नये.

मग टाळण्याजोगें काय आहे? 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानें नेमलेल्या मंडळानें 2024 सालीं चौदा कारणें सांगितलीं, आणि तीं सर्व दूर करतां आलीं तर जगांतील सुमारें शेंकडा 45 स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल असा अंदाज दिला. बालपणीं शिक्षण न मिळणें, पुढें उच्च रक्तदाब, मधुमेह, रक्तांतील चरबी, धूम्रपान, बैठें आयुष्य, डोक्याची इजा, बहिरेपणा, दृष्टिदोष, एकाकीपणा, दूषित हवा, अशीं तीं आहेत. यांतील रक्तदाबाचा पुरावा मला सर्वांत भरंवशाचा वाटतो. 2019 सालीं अमेरिकेंतील मोठ्या चाचणींत वरचा रक्तदाब 120 च्या खालीं ठेवणाऱ्यांत, 140 वर समाधान मानणाऱ्यांपेक्षां, बुद्धीचा सौम्य ऱ्हास कमी आढळला; पूर्ण स्मृतिभ्रंशाबाबत मात्र निर्णायक फरक दिसला नाहीं. श्रवणयंत्राची कथा अशीच अर्धीमुर्धी आहे. 2023 च्या चाचणींत सर्वांना मिळून लाभ दिसला नाहीं. ज्यांना मुळांतच धोका अधिक होता त्यांची घसरण मात्र निम्म्याच्या जवळपास मंदावली. ऐकूं येत नाहीं म्हणून बैठकींतून उठून कोपऱ्यांत जाऊन बसणारे आजोबा आपण सर्वांनीं पाहिले आहेत. त्यांना यंत्र मिळवून देण्यास एवढा पुरावा पुरेसा आहे.

अगदीं अनपेक्षित बातमी आली ती वेल्समधून. तेथें 2013 च्या सप्टेंबरांत नागिणीच्या रोगावरील लस वृद्धांना देणें सुरू झालें, आणि सरकारनें जन्मतारखेची एक रेषा आंखली: 2 सप्टेंबर 1933 रोजीं किंवा नंतर जन्मलेल्यांना लस, आदल्या दिवसापर्यंत जन्मलेल्यांना नाहीं. एका आठवड्याच्या अंतरानें जन्मलेल्या माणसांत दुसरा फरक तो काय असणार? सरकारी नियमानें नकळत एक उत्तम प्रयोगच मांडून दिला. 2025 च्या एप्रिलांत प्रसिद्ध झालेल्या हिशेबाप्रमाणें, लस घेणाऱ्यांत पुढील सात वर्षांत स्मृतिभ्रंश सुमारें एक पंचमांशानें कमी झाला, आणि स्त्रियांत हा लाभ अधिक होता. कारण कोणतें, तें अजून उलगडलेलें नाहीं. परंतु अमिलॉइडखेरीज इतर वाटाही धुंडाळल्या पाहिजेत हें त्यावरून कळतें. बुद्धिवर्धक म्हणून बाजारांत विकल्या जाणाऱ्या बाटल्यांना मात्र असा आधार नाहीं. गिंको या प्रसिद्ध वनस्पतीचा अर्क तीन हजारांहून अधिक वृद्धांना वर्षानुवर्षें देऊन पाहिला, आणि 2008 सालीं निकाल लागला कीं त्यानें स्मृतिभ्रंश टळत नाहीं.

आतां घरांतील शुश्रूषेविषयीं थोडें. रोगी रात्रीं उठून "मला घरीं जावयाचें आहे" म्हणतो. त्याला "हेंच तुमचें घर" असें दहा वेळां पटवून देण्यांत दोघांचाही अंत होतो. त्याच्या मनांतील घर कदाचित् सत्तर वर्षांपूर्वींचें कोंकणांतलें असेल. त्या घरीं कोण कोण होतें, अंगणांत कसलें झाड होतें, हें विचारून बोलण्यांत गुंतविलें तर तो शांत होतो. तो एकाएकीं चिडूं किंवा ओरडूं लागला तर आधीं दुखणें, बद्धकोष्ठ, लघवीचा दाह, तहान, यांचा तपास करावा. कारण तें त्याला सांगतां येत नाहीं. मनोविकारावरील तीव्र गोळ्या देऊन त्याला गप्प करणें सोपें असतें. पण अशा वृद्धांत त्या गोळ्यांनीं मृत्यूचें प्रमाण वाढतें, असा इशारा अमेरिकेच्या नियंत्रकांनीं 2005 सालींच दिला आहे. तेव्हां अगदीं नाइलाज झाला तरच, थोड्या मात्रेंत आणि थोड्या दिवसांपुरत्याच त्या द्याव्यात. आणि जी सून, लेक किंवा पत्नी रात्रंदिवस हें सर्व करते तिला आठवड्यांतून एक दुपार तरी मोकळी मिळाली पाहिजे. 1992 सालीं केरळांत स्थापन झालेली अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था अशा कुटुंबांसाठींच काम करते.

शेवटीं, निदान लवकर कां करावें, याचें एक व्यवहारी कारण. पुष्कळ घरांत वडिलांची बुद्धि ढळूं लागली कीं मुलें मुखत्यारपत्र करून घेतात आणि निश्चिंत होतात. परंतु 1872 च्या करार कायद्याच्या 201 व्या कलमाप्रमाणें मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धि भ्रष्ट झाली कीं मुखत्यारी आपोआप संपते. ज्या दिवशीं त्या कागदाची खरी गरज, नेमक्या त्याच दिवशीं तो निरुपयोगी होतो, आणि पालक नेमून घेण्यासाठीं उच्च न्यायालयाचें दार ठोठावावें लागतें. मृत्युपत्रही शुद्ध बुद्धि असतांनाच करतां येतें. तेव्हां रोग आरंभींच्या अवस्थेंत आहे असें डॉक्टरांनीं सांगितलें, कीं त्याच महिन्यांत वकिलाची गांठ घ्यावी, बँकेचीं खातीं संयुक्त करावीं. आणि पुढें कोणाजवळ राहावयाचें, कोणते उपचार हवे, कोणते नकोत, हें रोग्याला विचारून त्याच्या शब्दांत लिहून ठेवावें.